हृदयकृमी आणि राखणीचा कुत्रा

आश्विन-कार्तिकात यवतमाळ जिल्ह्याच्या शिवारात कापसाची बोंडे उमलू लागतात, तुरीला फुलोरा येतो आणि रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवून जातो. रोह्यांचे टोळके शिरले तर सकाळी तुरीचे नुसते खुंट दिसतात. म्हणून शेतकरी घोंगडी पांघरून मचाणावर बसतो आणि मचाणाखाली त्याचा कुत्रा कान टवकारून पहारा देतो. डुकराची चाहूल धन्याच्या आधी त्या मुक्या जनावराला लागते.

अशा रात्री डास दोघांनाही चावतात. धनी हात झटकतो, पाय घोंगडीत ओढून घेतो, शेकोटीत ओला पाला टाकून धूर करतो. कुत्र्याला यांपैकी काहीच करता येत नाही. नाकाचा शेंडा, कानांच्या कडा, पोटावरची विरळ केसांची कातडी, अशा उघड्या जागा शोधून डास त्याच्या अंगावर बसतो आणि पोट भरेपर्यंत रक्त पितो. एवढ्यावर भागले असते तर या विषयावर पाठ लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु डास केवळ घेऊन जात नाही. कधी कधी तो काही मागे ठेवूनही जातो. त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे हृदयकृमीचे पिल्लू होय.

हृदयकृमी हा पांढुरका, शेवईसारखा बारीक व लांब असा परोपजीवी जीव आहे. परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर पोसणारा. याची पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. तुमच्या कंपासपेटीतील मोजपट्टी १५ सेंटिमीटरांची असते. तशा दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवून पाहा, म्हणजे त्या कृमीची लांबी डोळ्यांसमोर येईल. हृदयाच्या उजव्या भागातून अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेणारी जी मोठी रक्तवाहिनी असते, तीत हे कृमी वस्ती करतात आणि त्यांची संख्या वाढली म्हणजे खुद्द हृदयातही उतरतात. तेथे ते पाच ते सात वर्षे जगतात. वाटेत असा अडसर पडला म्हणजे हृदयाला रक्त पुढे ढकलण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो, आणि वर्षानुवर्षे जोर लावून ते थकत जाते.

दुःखाची गोष्ट ही की आरंभी कित्येक महिने बाहेरून काहीच दिसत नाही. कुत्रा खातो, पितो, शेपटी हलवितो. पुढे त्याला कोरडा खोकला येऊ लागतो. पूर्वी सशामागे बांधभर धावणारा तो कुत्रा अर्ध्या वाटेत बसकण मारतो. तो वाळत जातो, अखेरच्या अवस्थेत त्याच्या पोटात पाणी होते, आणि एखादे दिवशी धावता धावता तो कोसळतो. घरची माणसे म्हणतात, ‘म्हातारा झाला.’ पुष्कळ वेळा तो म्हातारा झालेला नसतो.

अमेरिकेतील जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाने १८५६ साली या कृमीला ‘इमिटिस’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ निर्दय असा होतो. शास्त्रीय नावे बहुधा रूक्ष असतात. हे मात्र नेमके पडले आहे.

आता हा कृमी एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात कसा जातो, ते पाहू. हा भाग सावकाश वाचावा. कारण औषध केव्हा द्यावयाचे व का द्यावयाचे, याचे सारे मर्म येथेच आहे.

रोगी कुत्र्याच्या हृदयातील मादी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिल्ले रक्तात सोडते. ही पिल्ले मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतात, म्हणून ती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीच दिसतात. त्यांना सूक्ष्मकृमी म्हणू. रक्तात ती हजारोंनी फिरत असली तरी त्या कुत्र्याच्या शरीरात ती मोठी होऊ शकत नाहीत. त्यांना वाढण्यासाठी डासाचे शरीर लागते. डासाने रक्त प्याले म्हणजे ती त्याच्या पोटात जातात, तेथे दोन वेळा कात टाकतात आणि उबदार हवेत साधारण दहा ते चौदा दिवसांत त्याच्या सोंडेपर्यंत येऊन पोहोचतात. हवा फार थंड असेल, १४ अंश सेल्सिअसच्या खाली, तर ही वाढ थांबते. आपल्याकडे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तशी थंडी नसते, हे वेगळे सांगावयास नको.

मग तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावतो. सोंडेतून कातडीवर उतरलेली अळी डासाने पाडलेल्या छिद्रातूनच आत शिरते. तेथून पुढे तिचा प्रवास मोठा संथ असतो. पहिले काही आठवडे ती कातडीखाली व स्नायूंमध्ये राहते आणि त्या अवधीत आणखी दोनदा कात टाकते. दोन-अडीच महिन्यांनंतर ती रक्तात शिरून हृदयाच्या दिशेने वाहू लागते. तेथे पोहोचून ती वयात येते व स्वतः पिल्ले सोडू लागते, तोपर्यंत डास चावल्याला सहा ते सात महिने झालेले असतात. आषाढात चावलेल्या डासाचे फळ असे पौष-माघात दिसते. तोवर कोणाला त्या डासाची आठवण राहणार?

या संथ प्रवासातच माणसाला संधी सापडली. आज जी प्रतिबंधक औषधे मिळतात, ती कातडीखालच्या कोवळ्या अळ्यांना मारतात. हृदयात ठाण मांडून बसलेल्या मोठ्या कृमींवर ती लवकर चालत नाहीत. म्हणून औषध दर महिन्याला द्यावे लागते. पुष्कळांचा असा समज असतो की पहिल्या तारखेला गोळी दिली म्हणजे पुढचा महिनाभर कुत्र्याभोवती जणू तटबंदी उभी राहते. वस्तुस्थिती उलट आहे. ही गोळी ढालीसारखी नसून केरसुणीसारखी आहे. गेल्या महिन्यात जेवढ्या अळ्या अंगात शिरल्या, तेवढ्या ती झाडून काढते. उद्या शिरणाऱ्या अळीसाठी पुढच्या महिन्याची गोळी लागते. केर दोन-तीन महिने साचू दिला तर त्यातील काही अळ्या औषधाच्या हाताबाहेर गेलेल्या असतात.

हा रोग तुम्हांला अगदीच परका वाटू नये. त्याचा एक जवळचा नातलग आपल्या गावांत माणसांना छळीत आला आहे. हत्तीरोग तो हाच. पाय सुजून हत्तीच्या पायासारखा होतो तो रोग हृदयकृमीच्याच कुळातील एका धाग्यासारख्या कृमीमुळे होतो, आणि तोही डासच पसरवितो. या कुळाचे गुपित उलगडण्याचा मान मोठ्या अंशी आशियाच्या भूमीकडे जातो. टिमथी लुइस या डॉक्टरांना १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात सूक्ष्मकृमी दिसले. पुढे १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या शरीरात वाढतात, असे दाखविले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला तो १८९७ साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. एखादा रोग पसरविण्यात डासाचा हात असतो, ही कल्पना जगाला पहिल्याने दिली ती या कृमींच्या अभ्यासाने.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या निदानावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. शासनाच्या हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत यवतमाळ जिल्ह्याचाही समावेश झालेला आहे. आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा घरोघरी येऊन बोटाच्या टोकाचे रक्त घेतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्यांना दिवसा वेळ नसतो म्हणून ते रात्री येत नाहीत. आपल्याकडील हत्तीरोगाचे सूक्ष्मकृमी दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, डासांच्या जेवणाच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून तपासणीही रात्रीच करावी लागते.

या मोहिमेत ज्या गोळ्या वाटतात, त्यांत डीईसी नावाची एक गोळी असते. येथे एक धोक्याची सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. घरात उरलेली हत्तीरोगाची गोळी ‘कृमी तर सारखेच’ म्हणून कोणी कुत्र्याच्या भाकरीत घालू नये. एके काळी परदेशांत हेच औषध अल्प प्रमाणात रोज देऊन कुत्र्यांना हृदयकृमीपासून वाचवीत असत, हे खरे आहे. परंतु ज्या कुत्र्याच्या रक्तात आधीच सूक्ष्मकृमी फिरत असतील त्याला ते दिले, तर असंख्य सूक्ष्मकृमी एकाएकी मरतात आणि त्या आघाताने काही वेळा तासाभरातच कुत्रा कोलमडतो, मरतोही. नातलग रोगांचे औषध नातलग असले, तरी रोग्याची अवस्था पाहिल्यावाचून ते देता येत नाही.

पुढे या रोजच्या गोळीची जागा महिन्याच्या गोळीने घेतली. तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

जपानमध्ये इतो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. त्याच्या कवाना भागातील गोल्फच्या मैदानाजवळून सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या काळात थोडी माती उचलली. मातीत राहणारे सूक्ष्म जीव आपल्या शत्रूंना मारण्यासाठी निरनिराळी द्रव्ये तयार करतात. त्यांतून माणसाच्या उपयोगी पडेल असे काही मिळावे म्हणून ओमुरा ठिकठिकाणची माती गोळा करीत असत. निवडक सूक्ष्म जीव त्यांनी अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठविले. तेथे विल्यम कॅम्बेल व त्यांचे सहकारी कृमी झालेल्या उंदरांवर त्यांची परीक्षा घेत होते. इतोच्या मातीतील जीवाने तयार केलेल्या द्रव्याने उंदरांतील कृमी नाहीसे झाले. त्या द्रव्यात थोडा बदल करून जे औषध बनविले, ते आयव्हरमेक्टिन होय. १९८१ साली ते गुराढोरांसाठी बाजारात आले आणि १९८७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयकृमीसाठी त्याची महिन्याची गोळी निघाली. माणसांच्याही काही कृमिरोगांवर त्याचा उपयोग झाला. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला तेच देण्यात आले. ओमुरा व कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चिमूटभर मातीतून एवढे निघाले!

हे औषध कृमीला मारते आणि कुत्र्याला मारीत नाही, ते का? कृमीच्या मज्जातंतूंत आणि स्नायूंत काही सूक्ष्म दारे असतात. हे औषध ती दारे उघडी ठेवते, मग कृमीचे स्नायू लुळे पडतात. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या शरीरात ज्यांच्यावर या औषधाचा परिणाम होऊ शकेल अशी दारे मुख्यतः मेंदूत असतात, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर निसर्गाने द्वारपाल बसविले आहेत. औषधाचे कण आत येऊ लागले की हे द्वारपाल त्यांना बाहेर ढकलतात. परंतु द्वारपालांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. औषध मर्यादेबाहेर गेले म्हणजे ते मेंदूत शिरते. कोली नावाच्या विलायती मेंढपाळ कुत्र्यांत, व त्यांच्या काही भाऊबंदांत, पुष्कळदा हा द्वारपाल जन्मतःच लंगडा असतो. त्याचे आनुवंशिक कारण २००१ साली सापडले. अशा कुत्र्यांना गोळीतील ठरावीक मात्रा बाधत नाही, पण इतर कुत्रे सहन करतील एवढे अधिक औषध त्यांच्या जिवावर बेतते.

म्हणून मात्रेचा हिशेब नीट समजून घेऊ. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनीही हे गणित करून पाहावे.

हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिनची मात्रा कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला महिन्यातून एकदा ६ मायक्रोग्रॅम इतकी असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १५ किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला ६ गुणिले १५, म्हणजे ९० मायक्रोग्रॅम पुरे. आता गाई-बैलांना टोचण्याची जी बाटली मिळते, तिच्या एका मिलिलिटरमध्ये हेच औषध १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम असते. १०,००० ला ९० ने भागा. उत्तर १११ येते. त्या बाटलीतील एका मिलिलिटरमध्ये आपल्या कुत्र्याच्या १११ महिन्यांच्या मात्रा भरलेल्या आहेत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाच्या! नुसता एक थेंब घेतला तरी त्यात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम असतात. तोही महिन्याच्या मात्रेच्या पाचपटींहून अधिक भरतो. घरच्या घरी डोळ्यांच्या अंदाजाने ती बाटली कुत्र्यासाठी कशी मोजणार?

माझ्या नोकरीच्या एका गावी असा प्रकार घडलेला मला आठवतो. शेळ्यांना टोचून उरलेले औषध एका गृहस्थांनी आपल्या बारा किलोच्या कुत्र्याला टोचले. सारे मिळून तीन मिलिलिटर. प्रतिबंधासाठी लागणाऱ्या मात्रेच्या ते चारशे पटींहून अधिक झाले. हेतू चांगलाच होता. कुत्र्याच्या अंगावर गोचिड फार झाले होते. संध्याकाळी कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, तो भिंतीवर आपटू लागला; त्याला दिसेनासे झाले होते. या विषबाधेवर उतारा देणारे खास औषध नाही. पशुवैद्यांनी शिरेतून सलाईन देऊन, कूस बदलवून, दिवसरात्र लक्ष ठेवून त्याला जगविले. सातव्या दिवशी त्याने भाकरी ओळखली. सर्वच कुत्री इतकी सुदैवी नसतात.

औषध तेच, पण मात्रा व वापर चुकला म्हणजे ते विष होते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने फार मोठे मोल देऊन पाहिली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तीच पिकावरची औषधे गोचिड-पिसवा मारण्यासाठी पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणारे लोक अजून आढळतात. कुत्रा स्वतःचे अंग चाटतो, हे ते विसरतात.

मग सुरक्षित उपाय कोणता? औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक पायरी चढावी लागते, ती रक्ततपासणीची. तिची दोन कारणे आहेत. पहिले कारण वर येऊन गेले आहे: कुत्र्याच्या रक्तात आधीच सूक्ष्मकृमी असतील तर प्रतिबंधक औषधानेही काही वेळा आघात होऊ शकतो, आणि हृदयात मोठे कृमी असतील तर उपचार निराळा असतो. तो उपचार महागडा व कष्टाचा आहे. सोमलाच्या जातीचे औषध स्नायूत खोल टोचावे लागते. मेलेले कृमी तुकडे होऊन फुप्फुसांत अडकतात, म्हणून कित्येक आठवडे कुत्र्याला धावू देत नाहीत, बांधून ठेवतात.

दुसरे कारण आपल्या प्रदेशाचे आहे. भारतात हृदयकृमी सर्वत्र सारखा आढळत नाही. ईशान्येकडील आसाम, मिझोराम या पावसाळी प्रदेशांत तो अधिक दिसतो. आपल्या महाराष्ट्रातील कुत्र्यांत त्याचा एक धाकटा भाऊ आढळतो. तोही डासानेच पसरतो, पण हृदयात न जाता कातडीखाली राहतो. या धाकट्याने कुत्र्याला फारशी इजा होत नाही; तथापि डासामार्फत तो क्वचित माणसातही येतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात वळवळताना दिसतो. नेत्रवैद्य लहानशी शस्त्रक्रिया करून तो काढून टाकतात. दोन्ही भावांची पिल्ले रक्ताच्या थेंबात दिसतात व सकृद्दर्शनी सारखीच वाटतात. त्यांचा फरक अनुभवी डोळ्याला, किंवा मोठ्या मादीची खूण रक्तात शोधणाऱ्या चाचणीलाच कळतो. तेव्हा परदेशातील जाहिरात वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि ‘आपल्याकडे कुठला असला रोग’ म्हणून निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. तेथे ही चाचणी होत नसेल तर रक्ताचा नमुना कोठे पाठवावयाचा ते तेथील डॉक्टर सांगतील. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणी निर्दोष आली म्हणजे औषधाची निवड करावयाची. महिन्याची गोळी हा एक मार्ग. मानेवर, जेथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही अशा जागी, केस बाजूला सारून कातडीवर थेंब सोडण्याचे औषध हा दुसरा. काही देशांत सहा महिने किंवा वर्षभर टिकणारी सुईही पशुवैद्य टोचतात. यांतील अमुकच श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. गोळी थुंकून टाकणाऱ्या कुत्र्याला थेंब बरे; रोज तलावात डुंबणाऱ्या कुत्र्याला गोळी बरी. माझा स्वतःचा कल गोळीकडे आहे, कारण ती पोटात गेली की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. मात्र गोळी भाकरीच्या घासात दडवून दिल्यावर पाच मिनिटे तेथेच उभे राहावे. कुत्रे फार चतुर असतात. घास गिळून गोळी तेवढी मागे ठेवणारे कुत्रे मी पाहिले आहेत.

घरात मांजर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. कुत्र्यांवरचे डास-गोचिड पळविण्यासाठी परमेथ्रिन नावाचे द्रव्य असलेले थेंब मिळतात. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकता येत नाही, आणि त्याला झटके येऊ लागतात. कुत्र्याच्या अंगावर ते ओले असेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ निजू देऊ नये. हृदयकृमी मांजरालाही होऊ शकतो. एक-दोन कृमीही त्याच्या लहानशा हृदयाला भारी पडतात, आणि त्याच्यासाठी मोठे कृमी मारणारे सुरक्षित औषध नाही. म्हणून मांजराच्या बाबतीत प्रतिबंध हाच काय तो उपाय उरतो. पण तो मांजरासाठी बनविलेल्या औषधानेच करावयाचा, कुत्र्याच्या गोळीचा तुकडा मोडून नव्हे.

घरगुती उपायांविषयी पुष्कळ आग्रहाने बोलले जाते. लसूण चारल्याने कृमी मरतात, असे कोणी सांगतात. लसणाने हृदयकृमी टळतो याला काही आधार नाही. उलट कांदा-लसूण बराच पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व तो फिका पडतो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, गोठ्याला जाळी, संध्याकाळनंतर कुत्र्याला आत घेणे, या गोष्टींनी डासांचा त्रास थोडाफार कमी होतो, आणि त्या अवश्य कराव्यात. परंतु त्या गोळीची जागा घेऊ शकत नाहीत. माणसासाठी बनविलेले डास पळविण्याचे मलम मात्र कुत्र्याला लावू नये, कारण तो ते चाटून टाकतो.

डासांची पैदास थांबविण्याचे काम मुलांनाही करता येते. घरामागचे तुंबलेले गटार, न्हाणीच्या सांडपाण्याचा खड्डा, कुत्र्याच्याच पाण्याचे चार-चार दिवस न बदललेले भांडे, यांत अळ्या वळवळत असतात. सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणला आणि पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली, तर एका श्रमात कुत्र्याच्या हृदयकृमीचा आणि घरातल्या माणसांच्या हत्तीरोगाचा असे दोन रस्ते अरुंद होतात.

मात्रा वजनावर ठरते, तेव्हा वजन करता आले पाहिजे. कुत्रा काट्यावर उभा राहत नाही ही नेहमीची तक्रार. त्याला कडेवर घेऊन मोठ्या भावाने काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करावा. भाऊ व कुत्रा मिळून ५८ किलो, भाऊ एकटा ४३ किलो, तर कुत्रा १५ किलो. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर, पशुवैद्यांना विचारून, पहिली मात्रा देता येते. पण पिल्लू झपाट्याने वाढते. मागच्या महिन्यात चार किलोचे पिल्लू या महिन्यात सहा किलोचे होते. त्याला जुन्याच वजनाची गोळी देत राहिले तर ती अपुरी पडते. म्हणून वाढीच्या काळात दर वेळी वजन करावे. कोलीसारख्या मेंढपाळ जातीचा, अथवा त्याचा संकर असलेला कुत्रा असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

गोळीची तारीख ठरवून ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवणे बरे. ती इंग्रजी महिन्याची असली तर हिशेब सोपा जातो. तिथीवर ठेवली तर अधिक महिन्यात घोटाळा होतो. एखादी तारीख चुकलीच, तर लक्षात येताच त्याच दिवशी ठरलेली मात्रा द्यावी आणि त्या दिवसापासून पुढचा महिना मोजावा. चुकीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नयेत. दोन-तीन महिने चुकले असतील, तर पशुवैद्यांना तसे स्पष्ट सांगावे. ते त्या दिवशी रक्त तपासतील आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा तपासतील. कारण मधल्या काळात शिरलेली अळी वयात आल्यावाचून चाचणीत सापडत नाही. ती दुसरी चाचणी होईपर्यंत, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, दर महिन्याची गोळी चालूच ठेवावयाची असते.